उपडी कुंडी आणि आमचे उस्ताद

आठवडी बाजारात वांगी घ्यायला गेले की आमचे उस्ताद वांगी विकणारीची बाजू घेत.

"काय वांगी हायेत बाई," पाटीपुढे उकिडवे बसून ते म्हणायचे, "देठ बघ कसा हिरवागार. एवढ्या स्वस्तात देऊ नको. दिवसभर उन्हात बसतीस."

बाई नवी असली तर हरखून भाव वाढवायची आणि उस्तादांचा चेहरा पडायचा. जुन्या बायांना मात्र ठाऊक होतं, की हे गिऱ्हाईक आपल्या बाजूला येऊन बसलंय म्हणजे गिऱ्हाइकाची बाजू आता आपल्याला सांभाळावी लागणार.

"कशाची हिरवीगार, मास्तर. कालची हायेत. निम्मी किडकी निघतील. घेऊ नका."

"कीड लागती ती गोड वांग्यालाच."

"मागल्या बाजारची तुमच्या मालकिणीनं ढोरापुढं टाकली म्हणं."

इथे उस्ताद खूश होत. गुडघ्यांवर हात टेकून उठत आणि म्हणत, "आता झाला सौदा. तोल." शेजारच्या पाटीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांच्यापैकी एकीनं मला नंतर सांगितलं होतं, "लई भला माणूस. पन त्याच्याशी धंदा करायचा म्हंजी आपलाच माल आपल्याच तोंडानं नासवायचा."

ते जाऊन आता थोडा काळ झाला. त्यांच्या अशा गोष्टी आमच्या भागात अजून सांगतात. बीडच्या कचेरीत वकिलांच्या खोलीत दुपारच्या वेळी कुणीतरी हमखास काढतं. त्यातली एक गोष्ट अशी, की ह्या चक्रम माणसानं भर तपासणीत एका गरीब पोराच्या तोंडून भलतंसलतं वदवून घेतलं, आणि पोराचं वाटोळं होता होता राहिलं. ही गोष्ट निघाली की मी चष्मा पुसायला घेतो. तो पोरगा मी आहे, आणि ती गोष्ट तशी घडली नाही. कशी घडली ते सांगायला मला इतकी वर्षं लागली, याला दुसरं कारण काही नाही; सांगितलं नाही तर बरं चाललं होतं, एवढंच.

आंबेजोगाईला तेव्हा सरकारी कागदांत मोमिनाबाद म्हणत. गावात एके काळी निजाम सरकारचं घोडदळ होतं. ते उठून गेलं आणि तबेला रिकामा राहिला. तो एका हौशी जहागीरदारांनी घेतला आणि तिथे आमची शाळा काढली. मिडलपर्यंत सरकारची मान्यता होती. वरचे दोन वर्ग मात्र जहागीरदारांच्या स्वप्नातले होते. त्यांना तिथे कॉलेज करायचं होतं, आणि कॉलेजात माणसाला सगळ्या विद्या यायला हव्यात असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून फारशी होतं, संस्कृत होतं, तर्कशास्त्र होतं. चित्रकला शिकवायला त्या घोडदळातलाच एक म्हातारा नालबंद ठेवला होता. त्याला घोड्याखेरीज काही काढता येत नसे. आमच्या वर्गातला प्रत्येक जण आजही घोडा बरा काढतो. माणूस काढायला बसला तर पायांचा हिशेब चुकतो.

घोडे बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच होत्या. त्यांना आम्ही दप्तरं अडकवत असू. दमट हवेत भिंतींना वास सुटायचा. जहागीरदार "माझं कॉलेज" म्हणत आणि गाव आम्हाला "तबेल्यातली" म्हणे. तबेल्याच्या टोकाला बोर्डिंग होतं. तिथे दिंद्रुड, तलवाडा, परळी असल्या गावांची पोरं भाकरी आणि पातळ वरण खाऊन राहत आणि वरण जास्त पातळ की भाकरी जास्त जाड यावर भांडत. मी दिंद्रुडचा. आमच्या घरात शाळेचं तोंड बघितलेला मी पहिलाच.

उस्ताद तर्कशास्त्र शिकवत. उर्दूत त्याला मंतिक म्हणतात. मूळचे परळीचे, लिंगायत, वैजनाथाच्या पायऱ्यांजवळ बापाचं किराणा दुकान. लहानपणी मिरच्यांच्या पोत्यावर बसून एका मौलवीकडून फारशी शिकले आणि मौलवीशीच वाद घालू लागले. मौलवींनी त्यांना चेष्टेनं "उस्ताद" म्हटलं, ते नाव चिकटलं. अंगात काळी शेरवानी. गळ्यात लिंगाची चांदीची डबी असायची, तिच्यामुळे शेरवानीचं वरचं बटण कधी लागायचं नाही. डोक्यावरच्या रूमी टोपीचा गोंडा केव्हाच गळून पडला होता. नियमाप्रमाणे वर्गात उर्दू बोलावी लागे, ती ते झकास बोलत. पण रंगात आले की परळीवर उतरत. "सोताचं मत कावून सांगतो बे? ते तुझ्याजवळ हायेच. दुसऱ्याचं घेऊन ये."

हे "दुसऱ्याचं घेऊन येणं" म्हणजेच त्यांची सगळी विद्या. शुक्रवारी सुट्टी असे, म्हणून गुरुवारी दुपारी वादसभा भरे. तबेल्याच्या मधोमध एक दगडी कुंडी होती, घोड्यांना दाणा घालायची. ती उपडी करून ठेवलेली. बोलणाऱ्यानं तिच्यावर चढायचं. चढण्याआधी उस्तादांजवळ जाऊन आपलं खरं मत त्यांच्या कानात सांगायचं. ते दुसरी बाजू देत. "पाऊस बरा" असं कानात सांगितलं की ऊन बरं असं बोलायचं. कुणाचं मत काय हे ऐकणाऱ्यांना कळून चुके, पण तोंडानं कुणी विचारायचं नाही. "कानातलं कानात," उस्ताद म्हणत. आणि दुसरा नियम असा, की कुंडीवर चढलेला माणूस स्वतःचा नसतो. तिथे काय बोलला त्याबद्दल त्याला खाली उतरल्यावर कुणी जाब विचारायचा नाही. उतरला की सगळं माफ.

याचा परिणाम काय व्हायचा ते सांगतो. आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, स्वभावानं भित्रे आणि डोकेदुखीनं त्रासलेले. एकदा ते गोंगाटाची तक्रार घेऊन आले. उस्तादांनी त्यांना अदबीनं आत घेतलं, कान पुढे केला आणि म्हणाले, "हुजूर, इथं सांगा." हेडमास्तरांनी कानात सांगितलं. उस्ताद म्हणाले, "आता गोंगाटाच्या बाजूनं चढा."

हेडमास्तर चढले. आधी इकडेतिकडे बघत, मग हळूहळू खुलत त्यांनी गोंगाटाची अशी तरफदारी केली, की आम्ही बाकं वाजवली. लग्न, बाजार, पोरांनी भरलेलं घर, सगळं त्यात आलं. उतरले तेव्हा घामानं भिजले होते, पण तोंडावर हसू होतं. त्यानंतर त्यांनी पुन्हा तक्रार केली नाही. गुरुवारी मात्र त्यांच्या खोलीचा दरवाजा जरा उघडा असायचा.

घरीही हाच नियम. उस्तादांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणत असू. त्यांचं माहेर तलवाडा. एकदा सणाला माहेरी जायचं त्यांनी काढलं आणि उस्ताद नको म्हणाले. आम्ही दोघं-तिघं ओसरीवर चुरमुरे खात बसलो होतो. उस्ताद म्हणाले, "नियमानं होऊ दे. मी जायच्या बाजूनं बोलतो, तू न जायच्या."

"बोला," अक्का म्हणाल्या. त्या ज्वारी निवडत होत्या.

उस्तादांनी माहेर या विषयावर असं भाषण केलं, की आमच्यातल्या एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग अक्कांची पाळी.

"मी न्हाई जायचं म्हनून बोलायचं. बरं. न्हाई जायचं, कारन," त्या थांबल्या, सुपातला एक खडा काढला, "कारन मला काही सुचंना. हरले मी."

हे म्हणताना त्यांनी मान वर करून उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद टोपी घालून बैलगाडी सांगायला गेले. पुढे ते वर्गात म्हणायचे, "माझ्या घरी खरा मंतिकी एकच हाय. तो मी न्हाई." ही गोष्ट आम्ही विनोद म्हणून सांगत आलो. नियम मोडता येतो, आणि मोडणारा हसऱ्या चेहऱ्यानं सुटतो, हे मी त्या ओसरीवर पहिल्यांदा पाहिलं. ते माझ्या डोक्यात राहिलं.

आता माझ्याकडे यावं लागेल.

मी त्या शाळेत आलो तेव्हा मला उर्दूचा एक शब्द कळत नव्हता. गणितही उर्दूत, भूगोलही उर्दूत. पहिलं वर्ष मी मान हलवण्यात घालवलं. दुसरे हलवतात ते बघून हलवायचो. पुढे भाषा आली, चांगली आली, इतकी की उस्ताद माझ्याकडून फारशी कवितेचे बैत म्हणवून घेत. पण माझ्या खोलीत तलवाड्याचा एक पोरगा होता, माझा जिवलग. अक्कांच्याच गावचा. तोंडी हिशेबात त्याला कुणी हात लावू शकत नसे. पण प्रश्न उर्दूत आला की तो गप्प. फारशीच्या मास्तरांनी त्याला भिंतीतल्या कडीजवळ उभं केलं आणि म्हणाले, "इसको यहीं बाँधो." सगळे हसले. मीही हसलो. तो महिनाभरानं घरी निघून गेला तो परत आलाच नाही. मी त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहत झोपायचो आणि मनातल्या मनात एक भाषण करायचो. पोराला त्याच्या आईच्या भाषेत शिकवा, असं ते भाषण. उभा-आडवा घोटून तयार होतं. करायचं कुठे, ते ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी औरंगाबादेहून शिक्षण खात्याचे मोठे साहेब तपासणीला आले. जहागीरदारांना कॉलेजासाठी त्यांची शिफारस हवी होती. आणि साहेब एका मुलाला हैद्राबादेत पुढे शिकायला वजीफा देणार होते. तो मलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. माझ्या वडलांनी तर गावात सांगूनही टाकलं होतं.

साहेब मोठे अदबशीर गृहस्थ होते. पांढरी दाढी, बोलणं हळू. त्यांनी घोड्यांची चित्रं पाहिली आणि "माशाअल्ला" म्हणाले. मग वादसभेला बसले. हेडमास्तरांनी खबरदारी म्हणून "शेतीला बैल बरा की रेडा" असा विषय ठेवला होता. पण साहेबांना वाटलं, आपल्यासमोर काहीतरी भारदस्त व्हावं. ते म्हणाले, "तालीम सरकारी जबान में हो या घर की जबान में, इस पर सुनेंगे." पोरं सरकारी भाषेची तारीफ करतील, ऐकायला बरं वाटेल, एवढाच त्यांचा हेतू असावा. हेडमास्तर खुर्चीत खाली खाली सरकले. उस्तादांच्या डोळ्यांत मात्र चमक आली. त्यांनी मला खुणावलं.

मी जवळ गेलो. त्यांनी कान पुढे केला. सुपारीचा आणि अत्तराचा वास आला. आणि मी त्यांच्या कानात सांगितलं, "उर्दू, उस्ताद. तालीम उर्दूतच व्हावी."

ते खोटं होतं. मला मराठीच्या बाजूनं बोलायचं होतं, आणि ती बाजू मिळवायचा रस्ता हाच होता. खरं बोलायची हिंमत हवी असते. माझ्याजवळ तेवढी नव्हती. मला खरं बोलायचं होतं आणि वर नियमाचं छप्परही हवं होतं, म्हणजे उतरल्यावर कुणी विचारलं तर म्हणता यावं, की ते माझं थोडंच होतं.

उस्ताद मोठ्यानं म्हणाले, "घर की जबान. चढ."

मी चढलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. भिंतीतली कडी आठवते. तिच्याकडे बोट केलं होतं. शाळेत घोडे होते तेव्हा त्यांना त्यांच्या भाषेत हाक मारत होते, आता पोरं आहेत तर परक्या भाषेत मारतात, असं काहीसं बोललो. पोरं बाकं वाजवायला विसरली. आवाज फाटला माझा. हात कुठे ठेवावेत ते कळेना. 

मी खाली उतरलो.

साहेबांनी आवाज चढवला नाही. मला जवळ बोलावून विचारलं, "बरखुरदार, ये तुम्हारे अपने खयालात हैं?"

मी तोंड उघडायच्या आत उस्ताद उठले. आयुष्यभर पाळलेला नियम त्यांनी त्या दिवशी मोडला. "हुजूर," ते उर्दूत म्हणाले, "हा मुलगा सरकारी भाषेच्या बाजूचा आहे. आत्ताच माझ्या कानात सांगितलंय त्यानं. दुसरी बाजू मी दिली. जे बोलला ते माझ्या हुकमानं. शब्द माझे समजा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सच है?"

मी म्हणालो, "जी हुजूर."

तेव्हा मी कुंडीवर नव्हतो. जमिनीवर दोन्ही पाय टेकून उभा होतो. कुंडीवरचं सगळं माफ असतं. हे दोन शब्द त्यात बसत नाहीत. वकिलीत इतकी वर्षं काढली, पण त्यांना बसवायला जागा सापडली नाही.

साहेब उठले. जाता जाता उस्तादांना अगदी गोडीनं म्हणाले, "उस्तादजी, आप की ये कुंडी बहुत ऊँची है. मदरसे के लायक नहीं."

बस, एवढंच. कॉलेज राहिलं बाजूला. वरचे दोन वर्ग बंद झाले, आणि उस्तादांनी शाळेत शिकवू नये असा हुकूम आला. मला वजीफा मिळाला. वाईट सोबतीतूनही मुलगा सरकारशी इमानी राहिला, असं साहेबांचं मत पडलं म्हणे.

उस्ताद निघाले त्या दिवशी जहागीरदारांनी विचारलं, काय देऊ? ते म्हणाले, कुंडी द्या. पोरांनी ती गाडीत चढवली. बैलांनी मान वळवून पाहिलं. अक्का ट्रंकेवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या घरात नोकरी सुटली की भांडी येतात. आमच्यात कुंडी आली." गाडीभोवती सगळे हसले. मग उस्तादांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता विचारणार.

ते म्हणाले, "लई चांगलं बोललास बे. सोताचं नसलेलं इतकं जीव तोडून बोलनारा मला आजवर भेटला न्हवता. माझी सगळी विद्या तुझ्यात उतरली. मी आता दुकानात बसलो तरी चालतंय."

त्यांनी शिवी दिली असती तर मी हैद्राबादेत बरा झोपलो असतो.

त्यांच्या दुकानदारीच्या बातम्या येत राहिल्या. गिऱ्हाईक गूळ मागायला आलं की उस्ताद त्याला गूळ का घेऊ नये ते पटवून देत. शेवटी भावानं त्यांना गल्ल्यावरून उठवून मागे सुपारी फोडायला बसवलं. तिथेही लोक जमत. परळीतले दोन भाऊबंद बांधावरून भांडत आले तर उस्ताद त्यांना एकमेकांची बाजू बोलायला लावत, आणि ते चहा पिऊन परत जात. वकील म्हणून मला ही बातमी फारशी आवडली नाही.

मी वकील झालो. दुसऱ्याची बाजू मांडतो. त्यावरून जग माझी तारीफ करतं तेव्हा मला गाडीजवळचं ते वाक्य ऐकू येतं. परळीकडचे खटले मी घेत नसे. पुढे परळीला रेल्वे आली, जाणं सोपं झालं, तरी दुसरी सबब काढत असे. भीती शिक्षेची नव्हती. त्यांची सगळी विद्या कुणात तरी उतरली, एवढ्या समजुतीवर ते त्या पोत्यांमध्ये सुखानं बसले होते. ती समजूत मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ?

चाळिशी उलटल्यावर एक दिवस गेलो. कसलं काम नव्हतं.

दुकानासमोर कुंडी होती. सरळ, पाण्यानं भरलेली. गिऱ्हाइकांचे बैल तिच्यात पाणी पीत होते. उस्ताद आत अडकित्ता घेऊन बसलेले. दाढी पांढरी, शेरवानी जाऊन बंडी आलेली. अक्का माजघराच्या उंबऱ्यात सूप घेऊन. मी पाया पडलो.

"वकीलसाब आले," उस्ताद म्हणाले. "कुनाची बाजू घेऊन आलात?"

"माझीच, उस्ताद." आणि मी सांगितलं. तलवाड्याचा पोरगा, कान, उर्दू, खोटं, जी हुजूर, सगळं. एका दमात, थांबलो असतो तर उठून गेलो असतो.

अडकित्ता थांबला. "म्हंजी ते तुझं सोताचं होतं."

"जी."

"तरीच."

"तरीच काय, उस्ताद?"

"तरीच हात कुठं ठेवावेत ते तुला सुचंना." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि बाहेरच्या दोन गिऱ्हाइकांना हाक मारली. "आरं, बैलं बाजूला घ्या. कुंडी उपडी करा."

पाणी रस्त्यावर वाहिलं. कुंडी उपडी झाली. उस्तादांनी कान पुढे केला. "तू दोषी हायेस का न्हाई? खरं मत सांग. ह्या खेपेला तरी."

"उस्ताद, माझं वय..."

"म्हनून हळू चढ. आधी सांग."

मी कानात सांगितलं, "दोषी आहे."

"मग निर्दोष म्हनून बोल."

भर रस्त्यात, काळा कोट घालून, मी ओल्या कुंडीवर चढलो. वय लहान होतं, वडलांची आशा होती, घर गरीब होतं, सगळं बोललो. इतकं पडेल भाषण मी कोर्टात कधी केलं नाही. एक गिऱ्हाईक मध्येच गुळाचा भाव विचारून गेलं. मी उतरलो.

"आता दुसरी बाजू," उस्ताद म्हणाले आणि धोतर सावरत कुंडीकडे निघाले.

माझ्यातला वकील जागा झाला. "उस्ताद, नियमानं तुमचं मत आधी कुणाच्या तरी कानात पडायला हवं."

"झाला खरा वकील." ते माजघराच्या उंबऱ्याकडे वळले, वाकले आणि अक्कांच्या कानात काहीतरी बोलले. अक्कांनी सुपातली नजर वर केली नाही.

मग त्यांनी मला दोषी ठरवलं. काय सांगू. सत्तरीच्या पुढचा माणूस, पण आवाज तबेल्यातला. ज्याच्या नावानं बोललास त्या तलवाड्याच्या पोराचं पुढे काय झालं ते तरी विचारलंस का, असं मला सगळ्यांदेखत विचारलं. मी विचारलं नव्हतं. गुरूच्या कानात खोटं घालणाऱ्याला कुंडीच काय, सबंध वैजनाथाचा डोंगर उपडा केला तरी लपायला जागा नाही, असं म्हणाले. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "लई नीच मानूस दिसतो. कोन हो हा?"

उस्ताद उतरले, धापा टाकत. माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बस. तुझ्यासाठी टांगा सांगून येतो." आणि गेले.

मी पोत्यावर बसलो. अंग हलकं झालं होतं. नियमाचा अर्थ सरळ होता: ते दोषी म्हणून बोलले, म्हणजे त्यांच्या मनात मी निर्दोष. इतक्या वर्षांनी सुटलो. मग हळूच दुसरा विचार आला. एकदा एका पोरानं ह्याच कुंडीवर आपलं खरं मत दुसऱ्याचं म्हणून खपवलं होतं. ज्याच्याकडून ही विद्या शिकलो त्याला ती येत नसेल? दोषी म्हणाले ते त्यांचं खरंच मत असेल तर?

माजघराच्या उंबऱ्यात अक्का ज्वारी निवडत होत्या. मी उठून त्यांच्याजवळ गेलो.

"अक्का, उस्ताद तुमच्या कानात काय म्हणाले?"

"कानातलं कानात."

"एकदाच. पुन्हा विचारणार नाही."

त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. माझ्याकडे पाहिलं, माहेरच्या वादात ओसरीवर उस्तादांकडे पाहिलं होतं तसं. "बरं. आधी तुमचं मत सांगा, माझ्या कानात. तुमाला काय वाटतं, काय म्हनाले असतील. मग दुसरी बाजू मी सांगते."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारून कान पुढे केला. मी वाकलो. इतकी वर्षं ‘दोषी’ हे एकच उत्तर अंगावरच्या कोटासारखं वागवत आलो होतो. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. खरोखर मला काय वाटतं, ते मला ठाऊक नव्हतं.

बाहेर कुंडी पुन्हा सरळ केल्याचा आवाज आला.

"बोला की," अक्का म्हणाल्या. "टांग्याला येळ हाय."